मॅकबेथ, बँको आणि उडालेली झोप: मन नक्की कुणाचं खातं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक आहे, त्यात मॅकबेथ आणि बँको हे स्कॉटलंडचा राजा डंकन याचे दोन सेनापती आणि मित्र, मॅकबेथ राजाचा खून करून गादी मिळवतो, क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा आणि बँको म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, दोघांना एकाच वेळी भविष्यवाणी मिळते, एक घसरतो आणि एक सावरतो. आणि तू विचारतेयस की एवढं लिहून पुरेल का, कारण वाचताना तुला दया मॅकबेथची येते आणि बँकोबद्दल फारसं काही वाटतच नाही, तर मग वाचण्यात तुझंच काही चुकतंय का.

तुझं नाही चुकत, नोट्सचं चुकतंय. मी 24 वर्षं हे नाटक शिकवतेय, मुलांना घेऊन दोनदा बसवलंय पण, आणि दर वर्षी पेपर तपासताना तेच वाक्य येतं, बँको चांगला, मॅकबेथ वाईट, मधे एक रेघ. पण नाटक उघडून बघ, विवेकाचा सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ऐकू येतो? मॅकबेथचाच येतो. खून करायच्या आधी, करताना, केल्यावर, सगळीकडे तोच बोलतोय आणि स्वतःविरुद्धच बोलतोय. बँकोचा विवेक आहे, नाही असं नाही, पण तो कमी बोलतो आणि ऐन वेळी गप्प बसतो. म्हणून मी मुलांना सांगते की कुणाकडे विवेक आहे आणि कुणाकडे नाही हे शोधूच नका, तिघांची झोप बघा. बँको, मॅकबेथ आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ, तिघंही नीट झोपू शकत नाहीत, पण प्रत्येकाची झोप वेगळ्या कारणानं उडालीय आणि खरा फरक तिथे आहे.

सुरुवात माळरानापासून करूया, पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश. तिथे भेटलेल्या तीन चेटकिणी मॅकबेथला म्हणतात तू राजा होशील, आणि मॅकबेथ दचकतो. हे आपल्याला बँकोच सांगतो, अरे एवढं चांगलं ऐकून तू घाबरल्यासारखा का करतोयस म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. चेटकिणी राजाच्या खुनाचं अवाक्षर काढत नाहीत हे लक्षात ठेव, परीक्षेत विचारतात पण आणि एरवीही महत्त्वाचं आहे. खून हा शब्द मॅकबेथ स्वतःच्या डोक्यातून काढतो, आणि काढल्याबरोबर त्याचेच केस उभे राहतात, छाती धडधडायला लागते. म्हणजे हाव आणि टोचणी एकाच क्षणाला जन्माला येतात, जुळी आहेत ती. आणि बँको काय संत आहे का, तोही विचारतोच की माझं पण सांगा काहीतरी. त्याला उत्तर मिळतं की तू राजा होणार नाहीस पण तुझ्या वंशात राजे होतील. पण पुढे तो एक फार शहाणपणाचं बोलतो, की काळोखाची ही हत्यारं बारीकसारीक गोष्टीत खरं सांगून आपला विश्वास कमावतात आणि मोठ्या गोष्टीत दगा देतात. मॅकबेथला हा इशारा तिथेच, त्या मिनिटाला मिळालेला असतो, तो ऐकत नाही, असं नाही की कुणी सांगितलं नव्हतं.

आता पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश, इथे मी नेहमी थांबते, तास संपला तरी चालेल. राजा डंकन मॅकबेथच्या घरी पाहुणा आलाय, आत जेवतोय आणि मॅकबेथ पंगतीतून उठून बाहेर आलाय. यजमान स्वतःच पाहुण्याला सोडून बाहेर! त्या लांब स्वगतात आधी तो व्यवहाराचं बोलतो, की इथेच या जगात हिशोब चुकता होतो, आपण जो धडा दुसऱ्याला शिकवतो तोच आपल्यावर उलटतो. मग तो नात्यावर येतो, डंकन माझा नातेवाईक आहे, माझा राजा आहे आणि आज माझ्या घरचा पाहुणा आहे, खरं तर मी दाराशी उभं राहून खुन्याला अडवायचं. आणि मग भाषाच बदलते, दया म्हणजे नुकतं जन्मलेलं उघडं बाळ वाऱ्यावर बसून येतंय असं चित्र येतं, हे काही नफ्यातोट्याचं बोलणं नाही, हे आतून आलंय. शेवटी तो कबूल करतो की माझ्याकडे कारण काहीच नाही, फक्त उडी मारणारी महत्त्वाकांक्षा आहे, जी जोरात उडी मारून घोड्याच्या पलीकडच्या बाजूला पडते. खलनायक असं बोलत नाहीत गं. आपल्या बाजूला एकही सबळ मुद्दा नाही हे इतकं स्पष्ट माहीत असून खून करणारा माणूस शेक्सपिअरमध्येही विरळाच.

पण खरी मेख पुढे आहे. बायको येते आणि तो म्हणतो हे पुढे न्यायचं नाही. का? तर म्हणे राजानं नुकताच माझा मान केलाय, लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतायत, ते नवं कापड अंगावर जरा मिरवून घेऊया. बस्स. दोन मिनिटांपूर्वी जे पाहुणा, रक्ताचं नातं, दया, ते बाळ वगैरे चाललं होतं त्यातलं एक अक्षर बायकोसमोर निघत नाही. विवेक त्याच्याकडे आहे पण तो मोठ्यानं बोलायची त्याला लाज वाटते, आणि ज्या माणसाला आपलं चांगलं कारण सांगायची लाज वाटते त्याला वळवायला वेळ लागत नाही. ती त्याला भित्रा म्हणते, मर्दपणा काढते, आणि काही ओळींत काम तमाम. माझ्या एका बॅचमधला मुलगा म्हणाला होता, मॅडम हे अगदी आमच्या ग्रुपसारखं झालं, नको म्हणायचं असतं पण कारण म्हणून पोट बिघडलंय असं सांगतो. मला ते उत्तर टीकाग्रंथांपेक्षा पटलं.

आता बँकोकडे. दुसऱ्या अंकाची सुरुवात, मॅकबेथच्या इनव्हर्नेसच्या किल्ल्यातली मध्यरात्र, चंद्र मावळलाय, बँको आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स. वाचताना हा प्रवेश पटकन निघून जातो, बसवताना जात नाही. बँको मुलाच्या हातात स्वतःची तलवार देतो, अंगावरचं अजून काहीतरी काढून देतो, म्हणजे माणूस झोपायच्या तयारीत आहे. झोप शिशासारखी अंगावर आलीय असं म्हणतो आणि लगेच म्हणतो पण मला झोपायचं नाही. का, तर झोपेत मनावरचा लगाम सुटतो आणि वाईट विचार येतात, ते आवर रे देवा अशी प्रार्थना करतो. तेवढ्यात पावलांचा आवाज येतो आणि तो घाईनं म्हणतो तलवार दे माझी, कोण आहे तिकडे? मित्राच्या घरात! येणारा मॅकबेथ असतो. तालमीत बँकोचं काम करणारा मुलगा ही तलवार अशी सहज घ्यायचा, जणू छत्री घेतोय. मी त्याला विचारलं की तू ज्या घरी पाहुणा आहेस तिथे रात्री पावलं वाजल्यावर हत्यार मागतोस, म्हणजे तुला काय माहितीये? तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मला माहितीये की मित्राच्या मनात पण तेच चाललंय जे माझ्या मनात चाललंय. दुसऱ्या दिवसापासून प्रवेश उभा राहिला.

तर बँकोलाही मोह आहे, हे नोट्सवाले गाळतात. मन चिंती ते वैरी न चिंती, हे बँकोला पुरतं ठाऊक आहे. फरक एवढाच की तो मोहाला मोह म्हणतो, देवाकडे तक्रार करतो, आणि मॅकबेथसमोर उघड बोलतो, काल रात्री त्या तिघी स्वप्नात आल्या होत्या म्हणून. मॅकबेथ काय म्हणतो? मी तर त्यांचा विचारही करत नाही. शुद्ध थाप. मग मॅकबेथ हळूच एक गाजर दाखवतो, वेळ आल्यावर माझ्या बाजूनं राहिलास तर तुझाही मान वाढेल. आणि बँको म्हणतो की मान वाढवायला जाऊन आहे तो घालवावा लागणार नसेल, मन मोकळं आणि निष्ठा स्वच्छ राहणार असेल, तर ऐकेन. विनम्र शब्दात ठाम नकार आहे तो, ऑफिसात वरिष्ठाला द्यावा तसा. इथपर्यंत बँको खरोखर मोठा माणूस आहे.

पण मग मॅकबेथ डंकनचा खून करतो, आणि इथून मला बँकोबद्दल जरा तक्रार आहे. खून उघडकीला आल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणतो की मी देवाच्या हातात उभा आहे, या लपलेल्या कटाविरुद्ध मी लढेन, आपण जमून याचा छडा लावू. छान. नंतर काय लढतो? काहीच नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, फॉरेसच्या राजवाड्यात, तो एकटाच म्हणतो, मिळालं तुला सगळं, ग्लॅमिस आणि कॉडरची सरदारकी, राजेपद, आणि मला भीती आहे की तू ते फार घाणेरड्या मार्गानं मिळवलंस. म्हणजे संशय आहे, पक्का आहे. पण पुढच्याच श्वासात, त्यांचं तुझ्याबाबत खरं ठरलं तर माझ्याबाबत का नाही ठरणार, माझ्या वंशाचे राजे... आणि शू, गप्प. तेवढ्यात राजा झालेला मॅकबेथ आत येतो आणि बँको त्याला सांगतो की तुमची आज्ञा शिरसावंद्य. तो जो गप्प आहे ना, त्यात बँकोचं सगळं आहे. ब्रॅडली नावाचे मोठे समीक्षक 1904 सालीच हे मांडून गेलेत की बँको मोहाला थोडासा का होईना बळी पडतो, तो गप्प राहतो. मी एवढंच म्हणेन की बँकोनं स्वतःचे हात स्वच्छ ठेवले, पण ज्या पापातून आपल्या पोराचा फायदा होऊ शकतो ते पाप उघडं करायची घाई त्याला नव्हती. आणि हे सगळ्यात ओळखीचं आहे, मॅकबेथसारखा आपल्यातला कुणी नसेल, बँकोसारखे बरेच असतील.

बँको एवढा तरी चांगला का आहे यामागे राजकारण आहे, ते माहीत असलेलं बरं. शेक्सपिअरनं कथा घेतली ती होलिनशेडच्या बखरींमधून, 1577 आणि मग 1587 ची आवृत्ती. त्या बखरीत बँको खुनाच्या कटात सामील असतो! शेक्सपिअर त्याला बाहेर काढतो, कारण नाटक साधारण 1606 चं, आणि गादीवर 1603 पासून पहिला जेम्स, जो मूळचा स्कॉटलंडचा राजा आणि जो स्वतःला बँकोचा वंशज समजायचा. राजाच्या मूळपुरुषाला खुनी दाखवणं परवडणारं नव्हतं, त्यात 1605 च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट आणि राजा उडवून द्यायचा दारूगोळ्याचा कट नुकताच उघडकीला आलेला. गंमत म्हणजे बँको हा बहुतेक खरा माणूसच नव्हता, 1527 च्या हेक्टर बोईसच्या इतिहासात तो पहिल्यांदा उगवतो. आणि खरा मॅकबेथ? त्यानं 1040 साली डंकनला लढाईत मारलं, झोपेत नाही, डंकनही तेव्हा म्हातारा नव्हता, आणि मॅकबेथनं 17 वर्षं राज्य केलं, मधे रोमची यात्राही केली. होलिनशेडसुद्धा त्याला दहा वर्षं चांगला कारभार देतो. शेक्सपिअर ती दहा वर्षं उडवून टाकतो, खुनानंतर मॅकबेथला एक रात्र पण धड मिळत नाही. हा बदल मला बँकोच्या बदलापेक्षा मोठा वाटतो, कारण बँकोचा बदल राजासाठी आहे आणि हा नाटकासाठी आहे.

कारण खून झाला त्या रात्रीच झोप गेली. मॅकबेथ रक्ताळलेले हात घेऊन येतो आणि त्याला काळजी कशाची, तर पकडला जाण्याची नाही, शेजारच्या खोलीत झोपेतून जागं होऊन कुणीतरी देवाचं नाव घेतलं आणि मला आमेन म्हणता आलं नाही याची. घशात अडकलं म्हणतो. आणि एक आवाज ऐकू आला, मॅकबेथनं झोपेचा खून केला, आता मॅकबेथ झोपणार नाही. बँकोला झोपेची भीती होती कारण आत काय आहे ते त्याला माहीत होतं, मॅकबेथला झोपच उरली नाही कारण आत जे होतं ते त्यानं बाहेर आणलं. पुढे तो बायकोला म्हणतो डोकं विंचवांनी भरलंय माझं, आणि थडग्यातला डंकन मात्र शांत झोपलाय याचा त्याला हेवा वाटतो. मारलेल्या माणसाचा हेवा! आपल्याकडे सदसद्विवेकबुद्धी हा शब्द फक्त पेपरात लिहायला आहे, घरात आपण मन खातं असं म्हणतो, आणि मॅकबेथला तेच बरोबर बसतं. कुसुमाग्रजांनी 1954 साली हे नाटक मराठीत आणलं तेव्हा नाव राजमुकुट ठेवलं, नाव भारदस्त आहे, पण मला कायम वाटतं की मुकुट या नाटकात फार लवकर मिळून जातो, पुढचं सगळं नाटक उशीचं आहे.

लेडी मॅकबेथबद्दल लोक सरळ लिहितात की तिला विवेकच नाही. मग ती पहिल्या अंकात भुताखेतांना बोलावून पश्चात्तापाची वाट बंद करा अशी विनवणी कशाला करते? जी वाट नाहीच ती बंद करायला कोण सांगेल. खुनाच्या रात्री ती दारू पिऊन धीर गोळा करते, ज्या दारूनं पहारेकरी पडले तिनं मी धीट झाले असं स्वतःच सांगते. आणि खंजीर तयार ठेवून खोलीत जाऊन आली तरी तिच्याच्यानं झालं नाही, का, तर झोपलेला डंकन तिला वडलांसारखा दिसला. हे एक वाक्य परीक्षेत नक्की टाक. तिनं विवेक मारलेला नाही, उधारीवर ठेवलाय. थोड्या पाण्यानं सगळं धुतलं जाईल असं ती दुसऱ्या अंकात नवऱ्याला सांगते, आणि पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हात धुतेय, डाग जात नाही, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी वास जाणार नाही म्हणते. जिनं दाट रात्रीला बोलावलं होतं तिच्या उशाशी आता कायम दिवा लागतो, तिचा हुकूमच आहे तसा, तिची दासी वैद्याला सांगते. आणि अजून एक बारीक गोष्ट, त्या बडबडीत ती म्हणते फाइफच्या सरदाराला बायको होती, कुठे गेली ती? म्हणजे मॅकबेथविरुद्ध गेलेला सरदार मॅकडफ, त्याची बायको. त्या खुनात हिचा हात नव्हता, नवऱ्यानं परस्पर केला. पण झोपेत तोही तिच्याच खात्यावर मांडलाय. जागेपणी ज्या विवेकाला तिनं बोलू दिलं नाही तो झोपेत बोलतो, तेही कवितेत नाही, तुटक गद्यात.

मग मॅकबेथ काय करतो, तर तो टोचणीवर एक उपाय शोधतो, आणि हा या नाटकातला सगळ्यात भयानक भाग आहे, खुनाआधी हवेत खंजीर दिसतो त्या स्वगतापेक्षाही. त्याच्या लक्षात येतं की विवेक राहतो कुठे, तर विचार आणि कृती यांच्या मधल्या जागेत. डंकनच्या वेळी ती जागा मोठी होती, एवढं मोठं स्वगत मावलं तिच्यात. बँकोच्या वेळी तो मारेकरी पाठवतो, थोडा बोलतो, बायकोला मात्र सांगत नाही, लाडात म्हणतो तू यातलं काही न जाणताच राहा. मेजवानीत बँकोचं भूत बघितल्यावर म्हणतो की डोक्यात आलेल्या गोष्टी तपासून बघायच्या आधी करून टाकायच्या. आणि रक्तात इतका आत गेलोय की मागे फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच, बुडत्याचा पाय खोलात. चौथ्या अंकात तर शपथच घेतो, यापुढे मनात पहिलं येईल ते हातात पहिलं येईल. आणि लगेच मॅकडफच्या बायकामुलांना मारायची माणसं जातात. कारण शून्य, फायदा शून्य, मॅकडफ तर इंग्लंडला निघून गेलेला. ही आता महत्त्वाकांक्षा पण नाही, मिळवायचं काही उरलंच नाहीये. विचार करायला लागू नये म्हणून केलेला खून आहे तो. नोट्समध्ये शेवटपर्यंत महत्त्वाकांक्षा महत्त्वाकांक्षा लिहिलेलं असतं, तिसऱ्या अंकानंतर तो शब्द जपून वापर.

मॅकडफवर पण दोन ओळी लिहिल्यास तर बरं, बँकोबरोबर तोही कॉन्ट्रास्टला आहे. बायकापोरं मेल्याची बातमी आल्यावर डंकनचा मुलगा मॅल्कम म्हणतो मर्दासारखा सूड घे, आणि मॅकडफ म्हणतो घेईन, पण मला ते मर्दासारखं सोसायला पण हवं. लेडी मॅकबेथनं मर्दपणाची जी व्याख्या नवऱ्याला विकली होती तिचं उत्तर तीन अंकांनी येतं. अर्थात तोही घरच्यांना वाऱ्यावर सोडून गेला होता, आणि ते त्याला माहितीये.

तू शेवटी विचारलंयस की पाचव्या अंकात मॅकबेथचा विवेक मेलेला असतो का. तो स्वतः तसं म्हणतो खरं, भीतीची चवच विसरलो, बायको मेल्याचं कळल्यावरही उद्या आणि उद्या आणि उद्या असं बधिर काहीतरी बोलतो. पण शेवटच्या लढाईत मॅकडफ समोर आल्यावरचं वाक्य नीट वाच. मी तुलाच टाळत होतो, मागे फिर, तुझ्या घरच्यांच्या रक्तानं माझा आत्मा आधीच फार जड झालाय. तेव्हा त्याला अजून वाटतंय की मला कुणीच मारू शकत नाही, कारण बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करणार नाही असं त्याला सांगितलेलं असतं, आईच्या पोटातून फाडून काढल्याचं मॅकडफनं अजून सांगितलेलं नाही, म्हणजे भीतीनं बोलतोय असं म्हणता येत नाही. आम्ही दुसऱ्यांदा नाटक बसवलं तेव्हा या ओळीला तलवार वर धरायची की खाली यावर दोन संध्याकाळी वाद चालला, मी म्हणत होते वर, तो योद्धा आहे. मॅकबेथ करणाऱ्या मुलानं प्रयोगाच्या दिवशी मला न विचारता ती खाली केली, टोक जमिनीला टेकवलं आणि मागे फिर असं जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाला, आणि मी विंगेत उभी होते, नंतर त्याला काही बोलले नाही.